रेघ काठाला टेकण्याआधी

टांकसाळीतून निवृत्त होऊन भिंगोबाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत एकही रविवार त्याच्या वाट्याला सरळ आला नव्हता. कुणीतरी कुठल्याशा व्हिडिओत सांगून ठेवलं होतं, की खिशातल्या चिल्लरीत एखादं चुकीचं पडलेलं नाणं निघालं तर ते लाखांना जातं. झालं. सकाळी नऊपासून जिन्यात पावलं वाजायला लागायची. कुणी रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं आणायचं, कुणी भिंतीवर घासलेलं. खालच्या न्हाव्याने तर दोन्ही बाजूंनी कोरं असलेलं एक आणलं आणि म्हणाला, "याचे किती येतील?" भिंगोबाने ते नाकाशी धरलं. फरशी धुवायच्या अ‍ॅसिडचा वास अजून गेला नव्हता.

"याचे दवाखान्यात किती जातील ते विचार," भिंगोबा म्हणाला. "हात भाजले असतील तुझे."

भिंगोबा हे काही त्याचं नाव नव्हे. टांकसाळीत चौतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसला म्हणून सोबत्यांनी पाडलेलं. पुढे ते इमारतीत आलं, मग घरात आलं, आणि आता बायको सोडली तर सगळं जग त्याला त्याच नावाने छळत होतं.

काम तसं साधं होतं. पोलादाचे दोन ठसे, मधे धातूची कोरी चकती, वरून दणका, की पडलं नाणं. लाखो दणके खाऊन ठशाला कधीतरी केसाएवढा तडा जातो. दणक्याबरोबर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर एक बारीक रेघ उठते. खाली गेलेली नव्हे, वर आलेली. नखाला लागते. दिवसागणिक तडा वाढतो तशी रेघही वाढते. ती एका काठापासून निघून समोरच्या काठाला टेकली की ठसा फुटलाच म्हणून समजा. तपासनिसाने, म्हणजे भिंगोबाने, त्याच्या आधी डावा हात वर करायचा आणि एकच शब्द बोलायचा: "उतरवा." मशीनला त्याने हात लावायचा नाही. पुढचं फिटर बघतो. उतरवलेला ठसा घणाने ठेचून ओळखू येणार नाही असा करायचा आणि त्याच्या जागी नवा चढवायचा. भिंगोबाने सबंध नोकरीत एकदाच तो शब्द उशिरा उच्चारला होता. ठसा फुटला, तुकडा उडाला आणि मशीनवरच्या माणसाचा डोळा गेला. तेव्हापासून तो नेहमी थोडा आधीच बोलायचा. वरचे साहेब म्हणायचे, हा भित्रा आहे, चांगले ठसे वाया घालवतो. म्हणू देत.

घरात तिघं: भिंगोबा, त्याची बायको आणि दादा. दादा म्हणजे थोरला भाऊ. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली, बायको गेली तेव्हा दुकान विकलं आणि आठ वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन इथे आला. वय बहात्तर, एक गुडघा कामातून गेलेला, आणि जीभ अजून कानशीसारखी. दोघा भावांचं एक मिनिटही पटत नसे. खिडकी उघडी की बंद, रेडिओ मोठा की लहान, चहात साखर आधी की मागून, कशावरूनही जुंपायची. भिंगोबाची बायको म्हणायची, तुम्हा दोघांना भांडायला कारण लागत नाही, फक्त समोरासमोर खुर्च्या लागतात.

रोज सकाळी दादा पेपर आणि पाव आणायला खाली जायचा. परत आला, की खिसा उलटा करून सगळं भिंगोबाच्या टेबलावर ओतायचा: चिल्लर, स्क्रू, अर्धवट घासलेल्या किल्ल्या, आणि कुठून कुठून आलेला भुसा.

"घे, भिंग्या. शोध तुझे लाख."

"टेबल म्हणजे उकिरडा नाही, दादा."

"उकिरड्यावर तू बसतोस, मी नाही."

असं रोज. आणि रोज चडफडत का होईना, भिंगोबा ती चिल्लर भिंगाखाली घ्यायचा. चौतीस वर्षांची खोड, जाते कुठे?

एका मंगळवारी त्यात दोनचं एक नाणं निघालं. खालच्या काठावर, घड्याळात सात वाजतात तिथून निघालेली, पाव इंचाची एक उठाव रेघ. मधे एक बारीक वाकण आणि टोकाला उंदराच्या शेपटीसारखी वळलेली. भिंगोबा खूश झाला. रविवारच्या एवढ्या कचऱ्यानंतर एक तरी खरा तडा हाती लागला होता. त्याने नाणं कागदात गुंडाळून वर तारीख लिहिली.

चार दिवसांनी दादाने ओतलेल्या चिल्लरीत पाचच्या नाण्यावर तीच रेघ होती. सातच्याच काठावरून निघालेली, तेच वाकण, तेच शेपूट, फक्त किंचित लांब. भिंगोबाने भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. पाचचं नाणं मोठं, धातू वेगळा, ठसा वेगळा, साल अकरा वर्षं आधीचं. दोन वेगळ्या घरच्या माणसांच्या गालावर एकच जखमेची खूण, तीही रोज वाढणारी, असं कधी कुणी पाहिलंय?

"अहो, भाऊजींच्या खिशात किल्ल्या असतात," बायको म्हणाली. "ओरखडे उठणारच."

"ओरखडा खाली जातो. ही वर आली आहे. नख लावून बघ."

तिने नख लावलं. "खाली काय नि वर काय. नाणं चालतंय ना? मग मला पाव आणायला द्या ते."

कर्म माझं, म्हणत भिंगोबाने ते नाणं तिच्या हातून काढून घेतलं.

पुढच्या पंधरा दिवसांत रेघ असलेली अकरा नाणी जमली. एकचं, दोनचं, पाचचं, दहाचं. सगळ्यांवर एकच तडा. भिंगोबा स्वतः त्याच पाववाल्याकडे गेला आणि मुद्दाम मोठी नोट मोडली. एकूण एक नाणं स्वच्छ. बायकोला पाठवलं. स्वच्छ. मग त्याने तीन स्वच्छ नाणी घेतली, कानशीने प्रत्येकाच्या काठावर एक खूण केली आणि दादासमोर धरली.

"ही खिशात टाक. गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि परत ये."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"तू सांगतोस म्हणून मी आजवर काही केलंय?" असं म्हणत, लंगडत, बडबडत दादा गेला. दहा मिनिटांत परत आला. तिन्ही नाण्यांच्या काठावर कानशीची खूण तशीच होती आणि तिन्हींवर ती रेघ उठली होती.

भिंगोबा घाबरला, पण त्याचा आवाज चिडलेलाच निघाला. "पँट काढ."

"काय?"

"दुसरी घाल. हिचा खिसा बघायचाय मला."

खिसा उलटा केला, धुतला, उसवला. नवी पँट आणली. किल्ल्या काढून घेतल्या, त्यावरून दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. रेघ येतच राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

सगळी नाणी त्याने लाकडी खोक्यात तारखेने मांडली. रेघ सारखी वाढत नव्हती. काही दिवस जागची हलायची नाही, मग एखाद्या दिवशी एकदम जवभर पुढे सरकायची. अशा तीन उड्या होत्या. भिंगोबा त्या तारखा पुटपुटत बसला होता, तेव्हा बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडत उभी होती. ती सहज म्हणाली, "नऊ तारखेला ना? त्याच दिवशी भाऊजी जिन्यात बसले होते. छातीत भरून आलं म्हणाले."

"आणि सोळा?"

तिने सोळाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "किटली पडली तो दिवस. हाताला मुंग्या आल्या होत्या त्यांच्या."

तिसरी तारीख विचारायचं भिंगोबाचं धाडस झालं नाही. ती त्याला स्वतःलाच आठवत होती. त्या दिवशी बोलता बोलता दादा मधेच थांबला होता, एक शब्द शोधत, आणि तो शब्द "कुलूप" होता.

त्याने दादाला धरून दवाखान्यात नेलं. धरून म्हणजे अक्षरशः दंडाला धरून. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी सगळे कागद चाळले आणि हसून म्हणाले, "तुमच्यापेक्षा हेच ठणठणीत आहेत. तुमची झोप कशी आहे सध्या?"

बाहेर आल्यावर दादा रस्त्यातच उखडला. "दोन सुया, एक भोंगा आणि अर्धा दिवस! कशासाठी? तुझ्या दमडीच्या रेघोट्यांसाठी? मला काही झालेलं नाही. तुझ्याच डोक्याला तडा गेलाय, भिंग्या."

"बरं, गेलाय. उद्यापासून खाली जायचं नाही."

"कोण तू सांगणारा?"

चौसष्टाव्या वर्षी भर रस्त्यात भावाला कसं सांगायचं, की अरे बाबा, तू मला हवा आहेस म्हणून? त्यापेक्षा भांडण सोपं. भिंगोबा पुढे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो टांकसाळीतल्या जुन्या फिटरकडे गेला. फिटर आता एका बोळात कात्र्यांना धार लावून द्यायचा. त्याने भिंगातून नाणी एकेक करून पाहिली. बाहेर कुणीतरी कात्री घेऊन ताटकळत उभं होतं, तिकडे त्याने लक्षही दिलं नाही.

"एकाच ठशाची आहेत," तो शेवटी म्हणाला.

"एकचं आणि दहाचं? एका ठशाची? शुद्धीवर आहेस ना?"

"मला कळतं ते. डोळ्याला दिसलं ते सांगतोय." त्याने शेवटचं नाणं पुन्हा उचललं. "कुठल्या मशीनवरची?"

"मशीनवरची नाहीत. दादाच्या खिशातून आली."

फिटरने नाणं खाली ठेवलं. मग कागदाच्या कडेने सगळी नाणी भिंगोबाकडे सरकवली, बोट न लावता. हात फडक्याला पुसले.

"नुसतं बघत जा," तो म्हणाला. "बोलू नकोस काही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. घरी जा. भावाबरोबर चहा पी."

हा एक शहाणा! प्रश्न न्यावा एक आणि परत आणावेत दोन. भिंगोबा सबंध वाटभर त्याला शिव्या घालत आला.

त्यानंतरचे आठ दिवस घरात पाचावर धारण बसली होती, पण ती एकट्या भिंगोबाची. दादा मजेत होता. भिंगोबा त्याला जिन्यात हात द्यायला जायचा, तो झिडकारायचा. भिंगोबा म्हणायचा मी पाव आणतो, तो म्हणायचा तुला शिळा देतात. बायको दोघांना हात जोडायची. आणि रोज सकाळी टेबलावर चिल्लर ओतली जायची, रोज रेघ मधली चित्रं, आकडे ओलांडत समोरच्या काठाकडे सरकलेली असायची. घड्याळात एक वाजतो तिकडच्या काठाकडे. फक्त सुताएवढी जागा उरली. मग अर्धं सूत.

बुधवारी सकाळी दादाने चपला घातल्या. भिंगोबा दारात आडवा झाला.

"आज नाही."

"बाजूला सर."

"दादा, आजचा दिवस. मी पाया पडतो तुझ्या."

"पाया पडायला खाली वाकावं लागतं. तुला जमत नाही ते." दादाने खिशात हात घातला, होतं नव्हतं ते मुठीत धरून टेबलावर आदळलं. "घे! बघत बस तुझी नाणी. माझ्या मागे लागू नकोस!"

आणि त्याला ढकलून तो बाहेर पडला.

नाणी टेबलावर गरगरत होती. भिंगोबाने एकावर बोट दाबलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मागे जिन्यात दादाची पावलं वाजत होती. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं.

रेघ काठापाशी होती. केस मावेल एवढंच अंतर होतं.

त्याला वैताग आला होता. भावाचा, डॉक्टरांचा, फिटरचा, स्वतःचा. भीतीही होती, पण ती त्या वैतागाखाली कुठेतरी. त्याने विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठे होता? मान वर न करता त्याचा डावा हात वर गेला.

"उतरवा," तो म्हणाला.

जिन्यातली पावलं थांबली.

स्वयंपाकघरातला नळ थांबला. खालच्या रस्त्यावर काहीच वाजत नव्हतं.

भिंगोबाने हाताकडे पाहिलं. तो अजून वरच होता. त्याने झटक्याने खाली ओढला आणि ओरडला, "दादा!"

नळ पुन्हा सुरू झाला. पावलंही सुरू झाली. एक, एक, एक, एक. सगळी सारखी.

तो धावत जिन्यात गेला. तळाशी रस्त्याचं दार लागत होतं.

दादा वीस मिनिटांत परत आला. पेपर काखेत, पाव हातात. चढून आल्यावर धापही नाही. त्याने खिशातली चिल्लर काढून टेबलावर ठेवली. ओतली नाही, ठेवली. चार नाणी, एकावर एक.

भिंगोबाने ती पाहिली. रेघ नव्हती. कुठल्याच नाण्यावर नव्हती. सालं जुनीच, पण कडा अशा धारदार, अक्षरं अशी ठसठशीत, की जणू आजवर कुणाच्या बोटालाही लागली नव्हती.

त्याला रडूच आलं. वाचला, त्याला वाटलं. वेळेवर बोललो मी. त्याने डोळे पुसले आणि लगेच, रडू दिसू नये म्हणून, खेकसला, "खिडकी कुणी उघडली? धूळ येते सगळी!"

"बंद करतो," दादा म्हणाला. उठला आणि खिडकी बंद केली.

भिंगोबाने रेडिओकडे बोट केलं.

"आणि तो रेडिओ. डोकं उठवलंय त्याने."

"बरं." दादाने रेडिओ बंद केला.

बायकोने चहा आणला. साखर आधी घातली होती. दादा काही म्हणाला नाही. प्यायला, "छान झालाय" म्हणाला. तिचा चेहरा असा उजळला, की भिंगोबाला तिच्याकडे बघवेना.

"भाऊजी, आज गुडघा बरा दिसतोय."

"कुठला गुडघा?" दादाने विचारलं आणि मग हसला, उशिरा आठवल्यासारखा. "हो, हो. बरा आहे."

दुपारभर भिंगोबाने त्याला डिवचलं. पाव शिळा आहे म्हणाला. कुलूपवाल्यांना अक्कल नसते म्हणाला. वहिनीने तुझ्यापायी हाल सोसले म्हणाला. दादा प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा. "असेल," म्हणायचा. "तुझं बरोबर आहे."

एक शेवटची गोष्ट उरली होती. लहानपणी वडिलांचं घड्याळ कुणी फोडलं, यावर दोघं पंचावन्न वर्षं भांडत होते. मार भिंगोबाने खाल्ला होता. दादाने कधी कबूल केलं नव्हतं, आई अंथरुणाला खिळली तेव्हाही नाही, आणि खरं तर आता त्याने ते कबूल करावं अशी भिंगोबाची इच्छाही राहिली नव्हती. ते भांडण त्या दोघांचं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हे.

भिंगोबाने खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"घड्याळ तू फोडलंस," तो म्हणाला. मनात म्हणत होता, नाही म्हण. शिवी दे. उठून जा. काहीतरी कर.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, त्यात प्रेम होतं, राग कुठेच नव्हता.

"हो, मीच फोडलं," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "किती छान बोलताय आज दोघं! दृष्ट लागेल माझी."

दादाने हात पुढे केला आणि भिंगोबाच्या हातावर ठेवला. तळव्यावर कानशीचा एकही घट्टा नव्हता. रेषा खोल होत्या, कोऱ्या. आणि तो हात कोमट होता, तापासारखा नव्हे, चहाच्या कपाने होतो तसाही नव्हे. ही ऊब भिंगोबाच्या ओळखीची होती. नव्या ठशाखालून पहिलं नाणं पडतं, ते तळहातावर घेतलं की एवढंच कोमट लागतं.